पिसांचं कुलूप आणि विकरांची किल्ली

आज आम्ही ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत, तिच्याजवळून जाताना आपण सगळ्याजणी नाकाला पदर लावतो. चिकनच्या दुकानामागे, ओढ्याच्या काठाला, कधी गावाबाहेरच्या खाणीत गोण्यांमधून टाकलेली ओली पिसं. कुत्री ती ओढून रस्त्यावर आणतात, पाऊस आला की ती मोरीत अडकतात, आणि मग ती काढायला जी माणसं येतात, त्यांच्या हातात बहुतेक वेळा साधे हातमोजेही नसतात.

या पिसांचं करायचं काय, असा प्रश्न आमच्या ऐकणाऱ्या मैत्रिणींकडून, विशेषतः कुक्कुटपालन करणाऱ्या बचत गटांकडून, अनेकदा आला. त्याचं एक उत्तर प्रयोगशाळेत तयार होत आहे आणि एक उत्तर आपल्या उकिरड्यात आधीपासून आहे. दोन्ही नीट समजून घेऊ.

पार्लरमधला शब्द, पिसातला पदार्थ

'केराटीन' हा शब्द तुम्ही कुठेतरी वाचला असेल. ब्यूटी पार्लरच्या दारावर असतो, शाम्पूच्या बाटलीवर असतो. आपले केस, नखं, गाईची शिंगं, बैलाचे खूर, मेंढीची लोकर, कोंबडीची चोच आणि तिची पिसं, हे सगळं ज्या प्रथिनांच्या कुळाचं बनलेलं आहे, त्या कुळाचं नाव केराटीन. डाळीत प्रथिनं असतात, अंड्यात असतात, तशीच पिसातही असतात. खरं तर पिसाइतकं प्रथिन डाळीतही नसतं. सुकलेल्या पिसाच्या वजनातला सुमारे ९० टक्के भाग हा प्रथिनाचाच असतो.

आता थोडा हिशोब करू. कोंबडीच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के पिसं असतात. म्हणजे दोन किलोच्या ब्रॉयलर कोंबडीमागे शंभर ते एकशे चाळीस ग्रॅम. एखाद्या दुकानात दिवसाला पन्नास कोंबड्या कापल्या जात असतील, तर रोजची पाच ते सात किलो पिसं झाली. महिन्याला दीडशे ते दोनशे किलो. आणि हे फक्त एका दुकानाचं. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात ८५ कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली गेली. ब्रॉयलरची तुकडी दीड महिन्यात तयार होते, त्यामुळे वर्षभरात प्रत्यक्ष कापले जाणारे पक्षी त्याहून कितीतरी जास्त.

म्हणजे एकीकडे आपण प्रथिन फेकून देतो. दुसरीकडे कोंबडीच्या खाद्यात प्रथिन हवं म्हणून सोयाबीनची पेंड विकत आणतो, आणि खाद्याच्या खर्चानेच छोट्या पोल्ट्रीवाल्या बाईचं कंबरडं मोडतं. मग पिसं दळून कोंबड्यांनाच का घालू नयेत? घातली तरी उपयोग नाही. कच्ची पिसं जशी पोटात जातात, जवळजवळ तशीच बाहेर पडतात. कोंबडीला ती पचत नाहीत, आपल्यालाही केस पचत नाहीत. का पचत नाहीत, यातच सगळी गोम आहे.

घट्ट वेणी आणि पिना

कोणतंही प्रथिन म्हणजे मण्यांची माळ असते. मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात आणि त्यांचे वीस प्रकार असतात. पिसातल्या केराटीनची माळ लहान असते, साधारण शंभर मण्यांची. ही माळ साडीच्या निऱ्यांसारखी घडीवर घडी घालून बसलेली असते आणि अशा असंख्य माळा एकमेकींना चिकटून पीळ दिलेल्या दोरासारख्या घट्ट होतात. केसातलं केराटीन वेगळ्या पद्धतीचं, मळसूत्रासारखं गुंडाळलेलं असतं. म्हणून केस लवचीक आणि पीस ताठ.

पण खरी मजबुती येते ती गंधकामुळे. त्या वीस मण्यांमध्ये सिस्टीन नावाचा एक मणी आहे, त्यात गंधक असतो. एका माळेतल्या सिस्टीनचा गंधक शेजारच्या माळेतल्या सिस्टीनच्या गंधकाला घट्ट धरून ठेवतो. वेणी घट्ट घालावी आणि वर जागोजाग पिना टोचाव्यात, तसं. केस किंवा पीस जळलं की जो ओळखीचा उग्र वास येतो, तो याच गंधकाचा.

या पिना काढता येतात, हे तुमच्यापैकी काहीजणींनी पार्लरमध्ये अनुभवलेलं आहे. केसांचं रिबाँडिंग करताना पहिलं क्रीम लावतात, ते यातल्या बऱ्याच पिना सोडवतं. मग केस इस्त्रीने सरळ करतात आणि दुसरं क्रीम लावून पिना पुन्हा नव्या जागी टोचतात. पिसांच्या बाबतीत आपल्याला पहिली अर्धी क्रियाच हवी आहे. पिना काढायच्या आणि मग माळ तोडायची.

पपई, साबणाची पावडर आणि कसर

माळ तोडण्याचं काम विकरं करतात. विकर म्हणजे एन्झाइम. हेही एक प्रथिनच असतं, पण कामकरी प्रथिन. मटण निबर असलं की आपण त्याला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवतो. पपईतलं विकर मटणातल्या प्रथिनांच्या माळा तोडतं आणि मटण लवकर शिजतं. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींमध्येही प्रथिन तोडणारं विकर असतं, म्हणून रक्ताचे, दुधाचे डाग निघतात. आणि म्हणूनच रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर अशा पावडरीत भिजवू नये म्हणतात, कारण रेशीम आणि लोकर ही प्रथिनंच आहेत.

पण पपईच्या रसात पीस टाकून ठेवा, काही होणार नाही. विकर म्हणजे कात्री धरा. कात्री कितीही धारदार असली तरी पिना लावलेल्या घट्ट वेणीत तिचं पातं शिरतच नाही.

तरीही निसर्गात कुणीतरी हे कुलूप उघडतंच. नाहीतर जंगलात आजवर पडलेल्या पिसांचे आणि केसांचे डोंगर झाले असते. ट्रंकेतल्या स्वेटरला कसर लागते, तिच्या अळीला लोकर पचते. तिच्या आतड्यातलं रसायनच असं असतं की आधी गंधकाच्या पिना सुटतात. अंगावर नायटा उठवणारी बुरशी आपल्या त्वचेतलं केराटीन खाऊनच वाढते. जमिनीतले आणि उकिरड्यातले काही जिवाणू पिसं खातात. युरोपात अझोर्स नावाची पोर्तुगालची बेटं आहेत, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यातून शास्त्रज्ञांनी एक जिवाणू शोधला आणि १९९६ साली त्याची माहिती छापली. तो ७० अंश उष्णतेत पिसं फस्त करतो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'पीस खाणारा' असा आहे.

गोबरगॅसच्या टाकीतला शोध

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र आपल्या ओळखीच्या जागी घडली. गोबरगॅसच्या टाकीत.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना नावाचं राज्य आहे. तिथे कोंबड्या आणि टर्की पक्ष्यांचा फार मोठा व्यवसाय आहे. तिथल्या राज्य विद्यापीठात जेसन शी नावाचे प्राध्यापक कोंबड्यांच्या विष्ठेपासून गॅस तयार करण्यावर काम करत होते. त्यांची टाकी ५० अंशांच्या आसपास गरम ठेवलेली असे. विष्ठेबरोबर पिसंही आत जात. एरवी ही पिसं टाकीत साठून राहायला हवी होती. इथे ती दिसेनाशी होत होती.

टाकीत असं कोण आहे, याचा शोध त्यांनी घेतला आणि एक जिवाणू वेगळा काढला. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस त्याचं नाव. १९९० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये त्याचं पीस तोडणारं विकर शुद्ध स्वरूपात हाती आलं. त्याला केराटिनेज म्हणतात. १९९५ मध्ये ते विकर बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक सापडलं आणि वाचून झालं.

वाचल्यावर एक गंमत कळली. हे विकर कपडे धुण्याच्या पावडरीत वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या, नावाजलेल्या विकराचं अगदी सख्खं भावंड निघालं. सबटिलिसिन हे त्या विकरांच्या कुळाचं नाव. म्हणजे शास्त्रज्ञांना या विकराची नाडी आधीच माहीत होती. त्यात कुठे बदल करता येतील, त्याला मोठ्या टाक्यांत कसं वाढवायचं, याचा अनुभव साबणाच्या धंद्यात होता.

एकट्या कात्रीचं काम नव्हे

पण विकर वेगळं काढून पिसावर टाकलं, तेव्हा ते अख्ख्या जिवाणूइतकं चांगलं काम करेना. जिवंत जिवाणू पीस पूर्ण विरघळवतो आणि त्याचं विकर एकटं मात्र अडखळतं, असं का व्हावं? कारण जिवाणूकडे कात्रीबरोबर पिना काढण्याचीही सोय असते.

जपानमधल्या संशोधकांनी २००२ साली दुसऱ्या एका जिवाणूत हे छान दाखवलं. त्या जिवाणूची दोन प्रथिनं त्यांनी वेगवेगळी केली. एक प्रथिनांच्या माळा तोडणारं, दुसरं गंधकाचे बंध सोडवणारं. एकेकट्याने फारसं काही साधलं नाही. दोन्ही एकत्र केल्यावर केराटीन झपाट्याने तुटायला लागलं. डेन्मार्कमध्ये शिंगं आणि पिसं खाणाऱ्या एका बुरशीवर काम झालं, त्याची माहिती २०१५ मध्ये आली. तिथे तर तीन वेगवेगळ्या कात्र्यांची गरज दिसली. एक माळेच्या मधोमध कापणारी, एक टोकाकडून कुरतडणारी आणि एक उरलेले बारीक तुकडे आणखी लहान करणारी.

म्हणजे लग्नघरच्या स्वयंपाकासारखं आहे हे. एकीने नारळ फोडायचा, दुसरीने खोवायचा, तिसरीने वाटायचा. एकटी बाई सगळं करायला बसली तर पंगत ताटकळते.

विकर घडवायचं म्हणजे काय करायचं?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. निसर्गात विकर आहे, मग त्यात बदल कशाला? कारण जिवाणूने ते विकर स्वतःच्या पोटापुरतं बनवलेलं असतं. ते थोडंच तयार होतं, सावकाश काम करतं आणि एका ठरावीक हवामानातच टिकतं. आपल्याला टनावारी पिसं संपवायची असतील, तर तेवढ्याने भागत नाही.

पहिलं काम उत्पादनाचं. पीस खाणाऱ्या जिवाणूतलं ते जनुक काढून सहज वाढणाऱ्या, निरुपद्रवी अशा दुसऱ्या जिवाणूत घालतात. तो मोठ्या बंद टाकीत वाढतो आणि विकर भरपूर बनवतो. मग विकर गाळून वेगळं करतात, जिवाणू मागे राहतो. ज्वारीचं पीठ घरच्या जात्यावर दळण्याऐवजी गिरणीत नेण्यासारखं हे आहे. धान्य तेच, गिरणी वेगळी.

दुसरं काम विकरातच सुधारणा करण्याचं. ज्या सबटिलिसिनचं आपलं केराटिनेज भावंड आहे, त्याची माळ २७४ मण्यांची असते. एखादा मणी बदलला तर विकर जास्त टिकाऊ होऊ शकतं किंवा पार निकामीही होऊ शकतं. एकच मणी बदलायचा म्हटलं तरी २७४ जागा आणि प्रत्येक जागी दुसरे एकोणीस पर्याय, म्हणजे ५२०६ वेगवेगळी विकरं झाली. दोन मणी बदलायचे तर हा आकडा एक कोटी पस्तीस लाखांच्या घरात जातो. सगळी बनवून पाहणं शक्यच नाही.

इथे आपल्या आज्यांची रीत कामी येते. आजी काय करायची? पीक काढताना सगळ्यात भरदार कणसं बाजूला काढून पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवायची. दरवर्षी निवड, दरवर्षी थोडी सुधारणा. अमेरिकेतल्या फ्रान्सिस अरनॉल्ड या बाईंनी हीच रीत विकरांना लावली. जनुकात थोडे थोडे आडवेतिडवे बदल होऊ द्यायचे, त्यातून जी विकरं तयार होतील त्यांची परीक्षा घ्यायची, सर्वांत चांगलं निवडायचं आणि त्यावर पुन्हा तेच करायचं. १९९३ साली त्यांनी सबटिलिसिनच्या कुळातल्याच एका विकरावर हा प्रयोग करून दाखवला. ज्या द्रावणात ते विकर जवळपास गलितगात्र व्हायचं, त्याच द्रावणात तिसऱ्या पिढीतलं विकर मूळच्यापेक्षा २५६ पट चांगलं काम करू लागलं. त्यात दहा मणी बदललेले होते आणि हे दहा बदल आधी डोक्याने ठरवणं कुणालाही जमलं नसतं. या रीतीबद्दल २०१८ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पाचव्या महिला.

केराटिनेजच्या बाबतीत काय काय निवडायचं असतं? उष्णता सहन करणं हे पहिलं. टाकी साठ-सत्तर अंशांवर चालवता आली, तर पिसांबरोबर येणारे बरेच रोगजंतू मरतात आणि पिसाची वीणही सैल होते. मग विकरही तेवढ्या उष्णतेत तासन् तास टिकायला हवं. दुसरं, या विकराला स्वतःलाच खाण्याची खोड असते. तेही प्रथिन आणि त्याची कात्रीही प्रथिन तोडणारी. शेजारच्या भावंडाचा लचका तोडायला ते मागेपुढे पाहत नाही. जिथे ही कात्री लागते त्या जागा बदलून मजबूत कराव्या लागतात. तिसरं, पिना सोडवणाऱ्या रसायनाबरोबर त्याला नांदता आलं पाहिजे. ते रसायन विकराचीच घडी विस्कटणार असेल तर काय उपयोग? चौथं, पीस पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे विकर पिसाला नीट चिकटून राहायला हवं. त्यासाठी काही संशोधक विकराला चिकटण्याचा एक जादा भाग जोडून पाहतात. जणू कात्रीला पकड लावली.

यात ओढाताणही असते. विकर फार मजबूत केलं की कधीकधी ते ताठर होतं आणि सुस्तावतं. काम करायला थोडी लवचीकता लागतेच.

परीक्षेचीही एक अडचण आहे. हजारो विकरं झटपट तपासायची सोपी रीत म्हणजे दुधाच्या पांढऱ्या थरावर ती वाढवायची. विकर चांगलं असेल तर भोवती दुधातलं प्रथिन तुटून पारदर्शक कडं उमटतं. दिसायला सोपं, पण दूध तोडणारं विकर पीस तोडेलच असं नाही. दुधावर निवड केली तर दूध तोडण्यातच हुशार विकर हाती येतं. म्हणून शेवटची परीक्षा पिसावरच घ्यावी लागते, आणि ती वेळखाऊ असते.

मग हे सगळीकडे का दिसत नाही?

आज पिसांवर मोठ्या प्रमाणात जी प्रक्रिया होते, ती वाफेची. मोठ्या प्रेशर कुकरसारख्या टाकीत पिसं दाबाखाली शिजवतात, सुकवतात, दळतात. याला फेदर मील म्हणजे पिसांची भुकटी म्हणतात. तिच्यात ऐंशी टक्क्यांच्या वर प्रथिन असतं. काम तासाभरात होतं. पण प्रखर उष्णतेत काही उपयुक्त अमिनो आम्लं खराब होतात आणि प्रत्येक घाण्याला पचनीयता वेगळी येते. विकराने हेच काम कमी उष्णतेत, प्रथिन न जाळता होऊ शकतं. मात्र त्याला एकदोन दिवसही लागू शकतात, विकराचा खर्च येतो आणि शेवटी जो पातळ रस तयार होतो तो सुकवायला पुन्हा इंधन लागतं. म्हणून सध्या अनेकांची दिशा मिश्र उपायांची आहे. आधी थोडी वाफ किंवा थोडं रसायन देऊन पिना सैल करायच्या, मग विकर सोडायचं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या विकराचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. १९९९ साली त्यावर एक कंपनी उभी राहिली. पण बाजारात ते विकर पिसांचे ढीग विरघळवण्यापेक्षा कोंबडीच्या खाद्यात चिमूटभर मिसळायची पूड म्हणून पुढे आलं. त्यामुळे सोयाबीनमधलं प्रथिन कोंबडीला जास्त चांगलं पचतं. शोध एका गरजेतून लागतो आणि पोट दुसऱ्याच गिऱ्हाइकावर भरतं, असं विज्ञानातही होतं.

आपल्याकडेही काम चालू आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक अनिरुद्ध पंडित यांच्या गटाने केस, लोकर आणि पिसं यांपासून खत आणि पशुखाद्य करण्याची रीत काढली आहे. तिच्यात विकर नाही, पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे फोडून त्या धक्क्याने केराटीन तोडायची युक्ती आहे. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था कातड्यावरचे केस विकरांनी काढण्यावर बरीच वर्षं काम करते आहे. चामड्याच्या धंद्यात हे काम चुना आणि सल्फाइड वापरून होतं, त्याने पाणी नासतं आणि कामगारांना विषारी वायूचा धोका असतो. तिथे विकर आलं तर माणसांचे जीव वाचतील.

सावध राहायच्या गोष्टी

पिसांतलं प्रथिन विरघळलं तरी ते पूर्णान्न होत नाही. त्यात लायसिन, मिथिओनिन, हिस्टिडिन हे मणी कमी असतात. आपण डाळीची उणीव भाताने आणि भाताची उणीव डाळीने भरून काढतो, तसं या प्रथिनालाही दुसऱ्या खाद्याची जोड द्यावीच लागते. खत म्हणून मात्र त्याची किंमत मोठी, कारण पिसांत सुमारे १५ टक्के नत्र असतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कोंबडीला जे खाऊ घालतो, टोचतो, त्याचा अंश पिसांत साठतो. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पिसांच्या भुकटीचे बारा नमुने तपासले. बाराच्या बारा नमुन्यांत प्रतिजैविकांचे, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचे अंश सापडले. विकर केराटीन तोडतं, औषध तोडेलच असं नाही. तीच भुकटी पुन्हा कोंबडीला घातली, तर औषध फिरून फिरून अन्नसाखळीत येणार आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढणार. म्हणून पिसांचा प्रश्न सोडवायचा तर आधी पोल्ट्रीत औषधं कशी वापरली जातात, हा प्रश्न विचारावा लागेल.

तिसरी गोष्ट विकर हाताळणाऱ्या कामगारांची. विकरांची कोरडी पूड श्वासातून गेली तर दमा होऊ शकतो. १९६९ साली इंग्लंडमध्ये साबणपूड बनवणाऱ्या कामगारांमध्ये हे दिसून आलं. त्यानंतर कारखान्यांनी विकराचे दाणे मेणासारख्या आवरणात बंद करायला सुरुवात केली. उद्या एखाद्या बचत गटाला असा उद्योग मिळाला, तर मास्क, हातमोजे आणि पातळ किंवा दाणेदार स्वरूपातलं विकर, या अटी आधी लिहून घ्या.

आणि एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, म्हणून सांगतो. असं विकर वापरलेलं खाद्य कोंबडीने खाल्लं, तर त्या कोंबडीचं मांस खाणाऱ्याचे केस गळतील का? नाही. विकर हे प्रथिन आहे. शिजवलं की त्याची घडी मोडते, आणि पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं.

तोवर आपण काय करायचं?

आमच्या भागात तरी विकराची टाकी अजून आलेली नाही. पण तिचा थोरला भाऊ आपल्याकडे आहे, नीट रचलेला खताचा ढीग. गरम झालेल्या ढिगात पन्नास-साठ अंश उष्णता असते, आणि त्या उष्णतेत पीस खाणारे जिवाणू आपणहून कामाला लागतात.

पिसांत नत्र भरपूर असतं, म्हणून त्यांच्याबरोबर सुकं, काडीकचऱ्याचं सामान बरंच जास्त हवं. उसाचं पाचट, गव्हाचं काड, वाळका पाला. खाली पाचटाचा जाड थर, वर पिसांचा पातळ थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पाचट. पिसं ओली करूनच घालायची, कोरडी पिसं उडतात आणि कुजत नाहीत. मुठीत दाबल्यावर ओलावा जाणवेल पण पाणी ठिबकणार नाही, इतपत ओल ठेवायची. वरून जाड झाकण आणि भोवती जाळी, म्हणजे कुत्री येणार नाहीत. दर पंधरा दिवसांनी ढीग खालीवर करायचा. पालापाचोळ्यापेक्षा पिसांना वेळ जास्त लागतो, काही महिने धरून चाला. पिसाची मधली दांडी सगळ्यात शेवटी जाते. ती बोटांत चुरली की खत झालं.

आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत कोंबडी सोलताना पिसं कातड्यासकटच निघतात. त्या कातड्याला चरबी असते, तिच्यामुळे वास येतो आणि पिसांपर्यंत पाणीही पोचत नाही. दुकानदाराशी बोलून पिसं, कातडी आणि आतडी वेगळ्या पिंपांत ठेवता आली, तर पुढची कोणतीही प्रक्रिया सोपी होते. पिसं जाळू नका, धुरात गंधकाचे त्रासदायक वायू असतात. विहिरीजवळ पुरू नका. आणि पक्षी आजाराने मेले असतील, तर त्यांची पिसं खतालाही घालू नका, हातही लावू नका. २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, हे विसरून चालणार नाही. अचानक मर दिसली की आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

कधी कुणी 'पिसं विरघळवणारं कल्चर' विकायला आलं, तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या उष्णतेला ते काम करतं? किती किलो पिसांना किती दिवस लागतात, ते आमच्यासमोर करून दाखवाल का? आणि शेवटी जे उरतं, त्याची तपासणी कुठे केली आहे? उत्तरं मिळाली नाहीत, तर गटाचे पैसे पेटीतच राहू द्या.

मैत्रिणींनो, ग्रामसभेत पाण्यावर बोलतो, रस्त्यावर बोलतो. चिकनच्या दुकानांचा कचरा वेगळा गोळा व्हावा आणि तो उचलणाऱ्या माणसांना हातमोजे आणि गमबूट मिळावेत, हा विषयही या वेळी कागदावर लिहून द्या. विकर जेव्हा येईल तेव्हा येईल. त्यालाही पिसं स्वच्छ, वेगळी आणि एका जागी मिळालेली लागतात, आणि ती तयारी आजपासून करता येते. तुमच्या गटाने पिसांचं खत करून पाहिलं, तर किती दिवस लागले, काय अडलं, ते आम्हाला पत्राने किंवा फोनवर जरूर कळवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ते आम्ही सगळ्यांना ऐकवू.